शाफ्टवरची खूण

आमच्या गॅरेजमध्ये आजोबांच्या वेळेपासून एक नियम होता. ज्याने गाडीत नवीन पार्ट बसवला, त्यानेच पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. आपल्या हाताने आवळलेल्या बोल्टवर आपला जीव टांगायचा. फेरी सुखरूप झाली की गाडी परत घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, चढवायची आणि पार्ट गरम आहे तोवर त्यावर बसवणाऱ्याची खूण ठोकायची. खूण नाही तर पार्ट गॅरेजच्या बाहेर नाही. बाबांची खूण त्रिकोण, दादाची चांदणी. माझी कुठलीच नव्हती, कारण मला कधी फेरीला बसूच दिलं नव्हतं.

काम मात्र माझंच. बाबा लेथवर पार्ट कातायचे, दादा गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि गाडीखाली मी. सुरुवात अशी झाली की एकदा गिअरबॉक्सच्या वरच्या सांदीत एक नट पडला आणि बापलेकांचे पंजे काही तिथवर जाईनात. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, हात घातला आणि नट काढून दिला. त्या दिवसापासून मी चिमटी झाले. आधी नुसतं, "चिमटे, जरा हात घाल." मग, "चिमटे, बोल्ट लाव." मग, "चिमटे, तूच बघ ना." शाळा संपली, कॉलेजही कसंबसं आटोपलं, तोवर आमच्याकडचा एकही क्लच, एकही शाफ्ट माझ्या हाताखालून गेल्याशिवाय गाडीत जात नव्हता.

बाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकाची चाहूल लागली की मी मागच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनपाशी. आई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. मशीन थांबवून ती चष्म्यावरून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "आलीस लपायला? बस. काळे हात कापडाला लावू नकोस."

माझ्या कामावर फेरीला दादा बसायचा आणि माझ्या कामावर दादाची चांदणी उमटायची. एखादं काम फसलं तर बाबा गिऱ्हाइकासमोर दादालाच झापायचे आणि तो बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा. "तुझ्या वाटच्या शिव्या मी खातो, मग शाबासकीपण मीच खाणार," असं तो मला हसत म्हणायचा. त्याच्या परीने हिशोब बरोबर होता. शिवाय त्याला किंमतही मोजावी लागायची. दादाला वेगाने मळमळायचं. फेरीवरून उतरला की तो सरळ नळाखाली डोकं घालायचा. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं.

शर्यती पळवणारा एक माणूस आमच्याकडे यायचा. त्याला सगळे धुरळा म्हणत. समोर म्हटलं तरी त्याला राग येत नसे, उलट मिशा फुलायच्या. त्याची गाडी दोन सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बसकी. मूळचं इंजिन काढून त्याने त्यात दुसरं, दांडगं इंजिन घातलं होतं. ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारे हाफ शाफ्ट मात्र कंपनीचेच, बारीक. पहिल्याच शर्यतीत उजव्या शाफ्टला पिळलेल्या कपड्यासारखा पीळ पडला. बाबा म्हणाले, "इंजिन पैलवानाचं आणि पिंढऱ्या बगळ्याच्या. दुसरं काय होणार?" आणि त्यांनी जाड शाफ्टची जोडी कातायला घेतली.

मापं मी घेतली. लांबी मी सांगितली. बाबांनी एकदा विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यावर त्यांनी लेथ सुरू केलं.

नवा पार्ट कायमचा बसवण्याआधी आम्ही उघडी बसवणी करायचो. म्हणजे ग्रीस नाही, सांध्यांवर चढवायचे रबरी बूट नाहीत, काही नाही, पार्ट उघडाबोडका गाडीत लावून बघायचा. स्प्रिंगा काढून टाकायच्या. मग चाकाचा हब जॅकने अगदी खालपासून अगदी वरपर्यंत उचलत न्यायचा आणि दुसऱ्या हाताने शाफ्ट फिरवत राहायचं. कुठे अडतो का, कुठे घासतो का, टोकाला श्वास घ्यायला जागा उरते का. जिथे शंका, तिथे मळलेल्या मातीची गोळी चिकटवायची. शाफ्ट जवळून गेला की गोळी दबते. ती पात्याने कापून बघितली की किती फट राहिली ते कळतं. हातोडीला बंदी. हाताने बसला तर बसला, नाहीतर परत लेथवर.

त्या दुपारचं मला अजून आठवतं. उजवा शाफ्ट मी छातीवर तोलून धरला, त्याच्या टोकाचे दात खाचांशी जुळवले आणि तो आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा. डावाही तसाच. हब खाली-वर केला, गोळ्या कापून बघितल्या, सगळीकडे भरपूर फट. गाडीखाली आडवी पडूनच मी हसले. कुणी बघायला नव्हतं.

मग सगळं काढलं, ग्रीस भरलं, बूट चढवले. जाड सांध्यांना बूटही मोठे लागले. नेहमीच्या सपाट क्लिपा त्यांना तोकड्या पडल्या, म्हणून स्क्रूच्या क्लिपा लावून आवळल्या. स्प्रिंगा जागेवर घातल्या आणि हात पुसत होते, तेवढ्यात धुरळा आला. मी मागच्या खोलीत पळाले. दारातून दिसलं, तो गाडीखाली वाकून बघतोय आणि उठून दादाच्या पाठीवर थाप मारतोय. "काय बसवलेत रे! तुझ्या हातात जादू आहे."

दादा म्हणाला, "आता बघा, सराव असतो."

आईचं मशीन थांबलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. दोरा तोडत म्हणाली, "माझी शिवण वर दिसते, म्हणून लोक विचारतात कुणी शिवलं. तुझं सगळं गाडीच्या पोटाखाली. तुला ओरडूनच सांगावं लागणार."

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं. "बाबा, उद्याच्या फेरीला मी बसणार."

"जेव गप."

"खूणही माझी ठोकणार."

बाबांनी ताटावरची नजर वर केली. "हे बघ, शर्यतीची माणसं घरातून निघताना उजवा पाय आधी की डावा, तेही बघतात. मुलीने लावलेल्या शाफ्टवर कोण गाडी पळवील?"

"रोज पळवतातच की."

"त्यांना ठाऊक नाही म्हणून."

"मग ठाऊक करून द्या."

"आजोबांचा नियम आहे या गॅरेजला. आधी तो पाळायला शीक."

"नियम मीच पाळते म्हणतेय, बाबा. तुम्हीच इतकी वर्षं मोडताय."

दादाला ठसका लागला. बाबा हात धुवायला उठले. त्यांच्या उठण्याचा मतलब मला कळला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झालंही तसंच. धुरळ्याने गाडी सुरू केली आणि शेजारी दादा जाऊन बसला. त्याने जाताना माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी दाताच्या डॉक्टरकडे निघालेला माणूस टाकतो.

आमची फेरी गोदामांच्या मागच्या रस्त्याने जायची. तिकडे रहदारी कमी, वळणं भरपूर आणि मधोमध एक उंचवटा. त्याला आम्ही कुबड म्हणायचो. कुबडावरून गाडी उडाली की उतरताना स्प्रिंगा पार दबतात. मागच्या बाजूला काही खोट असेल तर ती तिथे बोलते.

ती बोलली. गाडी परत आली तेव्हा धुरळ्याचा चेहराच सांगत होता. "आवाज आहे," तो उतरता उतरता म्हणाला. "टकटक टकटक. कुबडावर आणि मोठ्या वळणावर. या शाफ्टवर मी रविवारी शर्यतीत पळायचं?"

बाबांनी दादाला विचारलं, "कुठून येतो?"

दादा दाराला धरून उभा होता. "सगळीकडून," तो म्हणाला आणि नळाकडे गेला.

आणि बाबांनी नेहमीचं सुरू केलं. "लक्ष कुठे असतं तुझं? हातात पाना असला की डोकं घरी ठेवून येतोस काय? माणूस जिवावर उदार होऊन गाडी चालवतो आणि तू..." दादा नळाखालून डोकं काढून, पाणी निथळत, मान खाली घालून उभा राहिला. रोजचंच नाटक, रोजच्याच जागा. यात मागच्या खोलीच्या दाराआड उभं राहणं ही माझी जागा.

मी बाहेर आले. हात काळे होते, ते पुसलेसुद्धा नाहीत.

"बाबा, त्याला बोलू नका. शाफ्ट मी बसवलेत."

बाबा दातांतल्या दातांत म्हणाले, "चिमटे, आत जा."

"नाही जात. चूक झाली असेल तर माझी आहे. शाबासकी इतकी वर्षं दुसऱ्याला दिलीत, ती दिलीत. माझी चूक मी कुणाला देणार नाही."

धुरळा माझ्याकडे बघत होता, मग दादाकडे, मग परत माझ्याकडे. "म्हणजे? हिने? हे दोन्ही हिने लावलेत?"

"आणि तुमचा मागच्या वर्षीचा क्लच," मी म्हटलं. "त्याच्या आधीचं फ्लायव्हीलही."

"मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर?"

"तर गाडी इथे आणलीच नसती! आमच्यात असं चालत नाही. मी गाडी घेऊन चाललो."

"खुशाल न्या," मी म्हटलं. "फक्त माझे शाफ्ट काढून घेते, मग ढकलत न्या."

मागच्या खोलीतून आईचा आवाज आला. मशीन चालूच होतं, त्याच्यावर आवाज चढवून ती म्हणाली, "अहो शर्यतवाले, तुम्ही ज्या सीटवर बसून शर्यती जिंकता ती बाईनेच शिवलीये. आजवर टोचली का कधी?"

दादाला हसू फुटलं. ते दाबायला त्याने परत नळ सोडला. धुरळ्याने मिशीवरून हात फिरवला. त्याला दुसरं गॅरेज सापडलं नसतं असं नाही. पण रविवार तोंडावर होता, आणि दुसरीकडे त्याच्या गाडीत बसतील असे शाफ्ट कुणी कातून ठेवलेले नव्हते.

"आवाज कसला आहे, सांगशील?" त्याने विचारलं.

"इथे उभं राहून? हात बघून भविष्य सांगू का? मला गाडीत बसावं लागेल."

बाबा म्हणाले, "दादा बसेल."

"दादा डोळे मिटून बसतो," धुरळा म्हणाला. "मला वाटायचं देवाचं नाव घेतोय."

मी कुणाच्या हो-नाहीची वाट बघितली नाही. दार उघडलं आणि बसले. बाबा खिडकीशी आले. वाटलं, आता दंडाला धरून उतरवणार. त्यांनी नुसता खिडकीच्या काठावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पट्टा नीट लाव." मग धुरळ्याला, मोठ्याने, "आवाज ऐकायला चाललाय, पराक्रम दाखवायला नाही."

रस्त्याला लागताच त्याने पराक्रमच दाखवायला घेतला. पहिल्या वळणावर गाडी अशी फेकली की माझं डोकं दाराला लागलं.

"घाबरलीस?"

"हळू घ्या."

"हा हा! घाबरली."

"तुमचं इंजिन गप्प बसलं तर मला माझे शाफ्ट ऐकू येतील. इंजिनाचं कौतुक परतल्यावर करते."

त्याने वेग उतरवला. पुढे मी सांगितलं तशी त्याने गाडी चालवली. मी मागे वळून सीटच्या पाठीमागच्या पत्र्यावर तळवा टेकवला. कुबडावर गाडी उतरली आणि तळव्याला कळलं. टक टक टक, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकच ठोका. फक्त उजवीकडे. स्प्रिंग दबली की सुरू, उठली की बंद. शाफ्ट अडत असता तर असा टिचक्या मारल्यासारखा आवाज आला नसता, दणका बसला असता. म्हणजे माझी लांबी बरोबर होती. काहीतरी बारीक, बाहेर आलेलं, फिरता फिरता कशाला तरी शिवत होतं.

"आणखी एकदा," मी म्हटलं.

कुबडावरून आम्ही पुन्हा गेलो, आणि तिसऱ्यांदाही. तोवर मला कळून चुकलं होतं, आणि मी मनातल्या मनात स्वतःला असल्या शिव्या घालत होते की त्या दादालाही खाता आल्या नसत्या.

गाडी घोड्यांवर चढवली. मी खाली गेले, बॅटरीचा उजेड टाकला. उजव्या बुटाच्या क्लिपेवरचा स्क्रू चांदीसारखा चकाकत होता. त्याच्या समोर, हँडब्रेकची वायर धरणाऱ्या पट्टीवर तसाच चकचकीत ओरखडा. मी शाफ्ट तपासला होता, सांधे तपासले होते, मातीच्या गोळ्या कापून केसाएवढी फटही बघितली होती. पण सगळं उघडं. बूट चढवल्यावर, क्लिपेचं नाक पुढे आल्यावर, परत कुणी बघितलंच नव्हतं. आजोबांपासून कुणीच बघत नव्हतं. सपाट क्लिपांना नाक नसतं, म्हणून आजवर निभावून गेलं.

मी सरकत बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, काय राहिलं आणि कुणाकडून राहिलं.

"एवढंच?" धुरळा म्हणाला. "मग तो स्क्रू फिरवून दुसऱ्या बाजूला कर."

"फिरतोच आहे तो. शाफ्टबरोबर. कुठेही केला तरी एकदा तिथे येणारच."

दादाने पत्र्याची लांब पट्टी शोधून आणली. तिच्यातून मी मोठ्या बुटांच्या मापाच्या सपाट क्लिपा कापल्या आणि दोन्ही बाजूंना घातल्या. मग दोन्ही स्प्रिंगा पुन्हा काढल्या.

"आता आणि काय?" धुरळ्याने घड्याळ बघितलं.

"उघडी बसवणी झाली होती. आता कपडे घालून."

कोपऱ्यातल्या डब्यातली माती पाण्याचा हात लावून मळून बाबांनीच मला दिली. बूट, क्लिपा, ग्रीस, सगळं असताना मी हब खालून वर नेला आणि गोळ्या कापून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या खिडकीच्या उजेडात धरून बघितल्या. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक बसवणी दोनदा व्हायला लागली, पण त्या दिवशी ती निव्वळ माझी लहर आहे असंच धुरळ्याला वाटलं असणार.

फेरीला मीच बसले. या वेळी कुणी काही विचारलंही नाही. कुबडापाशी आल्यावर मीच म्हटलं, "आता दाखवा पराक्रम." गाडी उडाली, आणि उतरलो तेव्हा नुसता टायरचा चीत्कार आणि इंजिन. मागून चकार शब्द नाही. परत येताना धुरळा एकच वाक्य बोलला, "क्लचपण तूच लावला होतास?" मी म्हटलं, "हो." मला त्याच्याकडून आणखी काही ऐकायचं नव्हतं.

गाडी चढवली. शाफ्टच्या टोकाच्या चकतीच्या, म्हणजे फ्लँजच्या कडेवर, जिथे जोर येत नाही, तिथे आम्ही खूण ठोकायचो. शाफ्टला हात लावला तर चटका बसत होता. मी हातोडी घेतली आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की ठोकायला माझ्याकडे काही नाही.

दादाने खिशातून चांदणीचा पंच काढला. "घे. तशीही तुझ्याच कामावर उमटत आलीये."

"म्हणूनच नको."

मग बाबांनी टेबलाचा खण उघडला. त्रिकोणाचा पंच आजोबांचा होता. तो त्यांनी कधी दादालाही वापरू दिला नव्हता. फडक्याने पुसून त्यांनी तो माझ्यापुढे धरला. तो क्षण मी पुढे कितीदा तरी आठवला आहे. कुणीही घेतला असता. त्यांच्या हातून तो मिळणं हेच केवढं मोठं होतं.

"हा तुमचा आहे, बाबा," मी म्हटलं. "मला माझा हवाय."

"मग काय आता नखाने ओरखडणार?"

"करते तयार."

"आत्ता?"

"आत्ता."

लेथखालच्या डब्यातून पोलादी सळईचा तुकडा घेतला, टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळला आणि कानस काढली. टोकाला दोन रेघा, खाली जुळणाऱ्या, वर उघडलेल्या. चिमटी. डावी रेघ पहिल्यांदा वाकडी गेली, तर टोक कापून टाकलं आणि नव्याने सुरू केलं. आई मशीन बंद करून दारात येऊन उभी राहिली होती.

धुरळ्याने विचारलं, "किती वेळ?"

"होईल तेवढा."

"शाफ्ट थंड होतोय," बाबा म्हणाले. "खूण गरम असताना ठोकायची असते."

"झाला थंड तर आणखी एक फेरी मारू."

"मी येणार नाही," दादा घाईने म्हणाला.

"तुला कोण विचारतंय?" आई म्हणाली.

टोक तापवून लाल केलं, तेलात बुडवलं, घासून परत शेकलं. वाळक्या गवताचा रंग चढला तसं काढून घेतलं. खुर्चीवर बसलेला धुरळा उठून जवळ आला होता. बाबांनी पंच माझ्या हातातून घेतला, अंगठ्याच्या पेराने टोक चाचपलं आणि परत दिला. शाफ्ट अजून कोमट होता. कोमट चालेल असं मीच ठरवलं.

पंच टेकवला आणि हातोडी उचलून घातली.

"अगं हळू!" दादा कानावर हात ठेवत ओरडला. "एवढी खोल कशाला?"

"गाडीखाली वाकून बघणाऱ्याला दिसायला हवी," मी म्हटलं, आणि डाव्या शाफ्टकडे वळले.